हळदीचं घर

“आबा, चंद्रावर येताना प्रत्येकाला फक्त एक किलो सामान आणता येत होतं ना? मग तुम्ही हे कळकट बटण का आणलंत?”

हिंमत असेल तर विचार, असं माझ्या वर्गातल्या इरा आणि रेहानने डिवचलं होतं. मग काय, विचारलंच! माझे आबा, म्हणजे आजोबा, पृथ्वीवर बोरखेडी गावात वायरमन होते.

त्या दिवशी आमच्या चांद्रवसाहतीची वीज सकाळपासून दोनदा गेली होती. वर्गातल्या उबवणी पेटीत बारा अंडी होती, चंद्रावरची पहिली कोंबडीची पिल्लं! पेटी आणखी एकदा गार पडली तर पिल्लं जगणार नाहीत, असं बाईंनी सांगितलेलं. वीजकक्ष सांभाळणारी माझी आई जेवायलाही आली नव्हती.

आबांनी बटणावरून अंगठा फिरवला. “गावात तीन फेज (वीज येण्याच्या वाटा) होत्या. लाल, पिवळी, निळी. दिवेलागणीला बल्ब मिणमिणला की जो तो आपल्या घरातलं असं बटण फिरवून चांगल्या फेजवर जायचा.”

“शहाणपणच की!”

“हो, पण सगळं गावच शहाणं! सगळे एकीवर गेले की ती बसलीच. मग सगळे दुसरीवर. मी सांगून थकलो. शेवटी तुझी आजी ताटली घेऊन घरोघर फिरली. कुणाच्या बटणाला कुंकू लावलं, कुणाच्या हळद, कुणाच्या नीळ. म्हणाली, ‘आपापल्या रंगावर राहायचं. जो हलेल त्याला माझ्या हातची पुरणपोळी बंद!’ आपलं घर हळदीचं.”

तो पिवळा डाग मी इतकी वर्षं मळ समजत होते!

आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. इथेही तीनच फेज, आणि आमच्या घराघरातला यंत्रमानव सतत कमी भाराची फेज शोधून घर तिच्यावर नेतो. सगळ्यांना एकाच क्षणी एकच फेज मोकळी दिसते आणि चोवीसच्या चोवीस घरं तिथेच उडी मारतात! मग त्या फेजचा ब्रेकर (भार झेपेनासा झाला की वीज तोडणारा खटका) पडणारच. एकेक यंत्रमानव तपासला तर बरोबरच होता, म्हणून आईला चूक सापडत नव्हती.

मी वीजकक्षात धावले. “आई, घरं वाटून टाक! आठ, आठ, आठ!”

“आणि शाळा कुठे टाकणार?” मागून आबा धापा टाकत आले. “घरं नको मोजूस बाई, भार मोज.”

खरंच की! स्वयंपाकघर धरून शाळा एकटीच सहा घरांइतकी वीज खायची. म्हणून लाल फेजवर दहा घरं, पिवळीवर दहा, आणि निळीवर शाळा अन् फक्त चार घरं. आईने यंत्रमानवांच्या उड्या बंद केल्या. पॅनेलवरचे तिन्ही काटे हलत हलत एका रेषेत येऊन थांबले.

“तुझ्या आजीने बघायला हवं होतं,” आबा पुटपुटले.

चौथ्या दिवशी अकरा पिल्लं बाहेर आली. त्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, “आई, बाबा, माझं ठरलंय. मंगळावर वसाहत झाली की मी तिथली वायरमन होणार. बटण आबांजवळच राहील. माझ्या एक किलोत मी हळद, कुंकू आणि नीळ नेणार!”