कागदावर नांदती गल्ली

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी पेइलान शेजारच्या मुलाचे मोजे दोरीवर वाळत घालत होती. मुलगा तिथं राहत नव्हताच. बीजिंगच्या त्या जुन्या गल्लीतल्या निम्म्या खोल्या अशाच – कोपऱ्यावरच्या नामांकित शाळेत प्रवेश मिळावा म्हणून घेतलेल्या, कागदावर नांदत्या, प्रत्यक्षात कुलूपबंद. कुटुंब खरंच राहतं का, ते पाहायला शाळेचे शिक्षक येत. म्हणून मालकांच्या आग्रहाखातर बाबा त्यांच्या दारात ओले मोजे टांगत, खिडकीत टूथब्रश ठेवत.

त्या दिवशी नवे शिक्षक आले. वाऱ्यानं केस विस्कटलेले. त्यांनी मोज्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

“पहिलीतल्या मुलाला बाळाचे मोजे?”

पेइलानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेले बाबा म्हणाले, “अभ्यासू पोरगं आहे, सर. पाय वाढवायला सवड कुठली?”

शिक्षक हसला. तोंग त्याचं नाव. “आणि या? याही कागदावरच राहतात का?”

“छे, ही चांगली दोन वेळ जेवते. तुमचं लग्न झालंय?”

“बाबा –”

“त्यांनीच तेवढी तपासणी करायची होय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

मग दलालांचे फोन सुरू झाले. एक खाट आणि एक शेगडी मावणारी बापलेकीची खोली, पण तिच्या किमतीत शहराच्या टोकाला लिफ्टचा मोठा फ्लॅट येत होता. ‘पुढं तुझ्या पोराला शाळा लागेल,’ म्हणत बाबांनी ती विकली नव्हती. ‘विका हे खुराडं,’ म्हणून पेइलान भांडायची. आता अडवायला कुणी नव्हतं. ती भांडी बांधायची, पुन्हा सोडायची. दलालाला फोन लावायची, लागायच्या आत तोडायची.

आणि दर शुक्रवारी तोंग यायचा. शेजारची खोली तपासायचा, मग इथं चहा.

“उद्या गिऱ्हाईक येतंय,” एका शुक्रवारी ती म्हणाली. “सही करून टाकीन.”

त्यानं पेला खाली ठेवला. “म्हणजे ही खोलीही रिकामी.”

“तपासायला याल की.”

“रिकाम्या खोलीला काय, दोन मिनिटं पुरतात.”

“मग शेजारच्या रिकाम्या खोलीला तासभर कसा लागतो?”

तोंग पेल्यातल्या चहापत्तीकडे बघत राहिला. “खोलीला... दोनच मिनिटं लागतात.”

पेइलान उठली, बसली, पुन्हा उठली. बांधलेल्या भांड्यांची गाठ उगाचच चाचपली. बाहेर कुलपं वाऱ्यानं खडखडत होती.

“मला इथून कधीच जायचं नव्हतं,” ती म्हणाली. “भांडत राहिले, पण जायचं नव्हतं. बाबांना हे सांगायचं राहून गेलं.” तिनं श्वास घेतला. “तुमच्या बाबतीत तसं नको व्हायला... तुम्ही मला आवडता.”