बाहीवरचा ओला केस

भुरभुर पावसात, भर दुपारी, एकटा माणूस होडी मागायला आला तर तो कवी तरी असतो नाहीतर लबाड तरी. हा कवी वाटत नव्हता.

"एक होडी हवी होती... छोटी चालेल."

"सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग ती पिशवी एवढी छातीशी का धरलीय?"

"आत... टॉवेल आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

टॉवेलसाठी कुणी लाजतं का? मी त्याला होडी दिली, वल्ही दिली आणि तो लव्हाळ्यामागे दिसेनासा होईपर्यंत खिडकीतून हलले नाही. त्याचे डोळे छान होते, हे मात्र मी तेव्हाच पाहून घेतलं होतं. छान डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी एकदा चांगलंच शिकले आहे. माझं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं, त्याचेही डोळे छान होते आणि त्याचं आणखी एक लग्न पलीकडच्या काठावरच्या गावात ठरलेलं होतं. तेव्हापासून पुन्हा कुणाला जीव लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं... आणि लावलाच, तर आधी पूर्ण चौकशी करून.

होड्यांचा धक्का माझ्या आत्याचा. तिच्याकडे चार होड्या, एक गळकं छप्पर आणि एक नियम आहे. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, तरी आमच्या तळ्यात जलपरी आहे. लव्हाळ्यामागच्या खोल पाण्यात ती राहते म्हणे. ती कुणाला बुडवत नाही, नुसती नादी लावते. मग तो माणूस रोज पाण्यावर येतो, त्याची अन्नावरची वासना उडते आणि एक दिवस होडी रिकामीच परत येते. नादी लागल्याची खूण एकच — बाहीवर लांब, ओला केस. असा केस दिसला की त्या माणसाला पुन्हा होडी द्यायची नाही. त्यामुळे गिऱ्हाईक परतलं की आत्या होडीच्या आधी त्याच्या बाह्या तपासते.

तो रोज येऊ लागला. पिशवी तीच. जाताना खिडकीशी रेंगाळायचा, आल्यावर आमच्या किटलीतला चहा प्यायचा.

"आज वारा आहे का हो?"

"पाण्यावर तुम्ही जाणार. तुम्हीच बघा."

"तुम्ही सांगितलंत की बरं वाटतं..."

"गोड बोललं की मला संशय येतो."

"मग कडू बोलू?"

"प्रयत्न करून बघा."

त्याने थोडा विचार केला. "तुमचा चहा पाणचट असतो."

मी हसू दाबलं, पण ते त्याला दिसलंच.

आणि त्याच संध्याकाळी त्याच्या बाहीवर केस सापडला. काळाभोर, हातभर लांब, ओला.

"हा कुणाचा?"

"हा... कुणाचाच नाही."

"कुणाचाच नसलेला केस असतो का कुठे?"

तो बाही झटकू लागला. आत्या मागून येत होती. मी केस पटकन मुठीत लपवला. का लपवला ते विचारू नका. त्याने उद्याही यावं एवढंच त्या क्षणी कळत होतं. रात्रभर मात्र त्या केसाने मला झोपू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याच पुढे होती आणि तिला तसाच एक सापडला. "धरलं हो याला तिनं!" ती ओरडली. "बंद! याला होडी बंद!"

"आत्या, वास घेऊन बघ. साबणाचा येतोय. जलपरी साबण लावते?"

"मग कुणाचा म्हणतेस?"

"पलीकडच्या काठावर कुणीतरी असणार. दोन पायांची."

"ते तर आणखी वाईट," आत्या म्हणाली.

तरी पुढच्या दुपारी तो आलाच. आत्या आत आडवी झाली होती. "शेवटची एक फेरी," तो खिडकीशी वाकून कुजबुजला, "आज काम संपतंय माझं."

मी होडी दिली. दया वगैरे काही नाही; मला त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. तो लव्हाळ्यामागे वळताच मी दुसरी होडी सोडली.

तो होडीच्या काठावरून पाण्यावर वाकला होता. पाण्यात काळे केस पसरले होते, लांबच लांब, आणि तो त्यांतून हळुवार बोटं फिरवत बोलत होता, "रागावू नकोस... आधी पूर्ण ऐकून घे. तू मला फार आवडतेस."

माझी वल्ही थांबली. म्हणजे आत्या खरं बोलत होती! मला भीती वाटायला हवी होती, पण मला आला राग. जलपरी असली म्हणून काय झालं? चहा तर हा माझ्या हातचा पीत होता!

"अहो!"

तो इतका दचकला की होडी हिंदकळली. केस त्याच्या हातून सुटून माझ्याकडे वाहत आले. मी वल्ह्याने ते वर उचलले. खाली चेहरा नव्हता. नुसती जाळी होती आणि जाळीला एकेक केस गाठ मारून बसवलेला.

"केसांचा टोप आहे," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी नाटकांसाठी टोप बनवतो. या नाटकात एक जलपरी पाण्यात उतरते... बादलीत केस नीट पसरत नाहीत. गाठ सैल राहिली की एखादा सुटतो, बाहीला चिकटतो."

"हे सरळ सांगता येत नव्हतं?"

"कुणाला, तुमच्या आत्यांना? की तुमच्या जलपरीचे खोटे केस मी तुमच्याच तळ्यात धुतोय?"

हे मात्र खरं होतं.

"आणि बोलत काय होता तिच्याशी?"

तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला. "सराव करत होतो."

"नाटकाचा?"

"तुमच्याशी बोलायचा. खिडकीशी आलो की सगळं विसरतो आणि वारा आहे का विचारतो..."

मी टोप त्याच्या होडीत टाकला आणि दोन्ही होड्यांचे काठ धरले. "मग आता म्हणा. तिला नको, मला."

"तू मला फार आवडतेस," तो म्हणाला. "तुझ्या उलटतपासणीसकट."

"मी एकदा फसलेय. रोज विचारीन — कुठे होतास, हा केस कुणाचा..."

"माझ्या धंद्यात रोज नवा केस सापडेल. रोज विचार."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. म्हणून टाकलं एकदाचं.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने घाईघाईने तो काढून माझ्यासमोर धरला. "बघ, तूच बघ कोण आहे."

मी त्याचा हात हळूच त्याच्याकडे वळवला. "घे तू."

त्याची होडी माझ्या होडीला बांधली आणि मी वल्ही मारायला लागले. मागे तो हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होता, मध्येच हसलाही. माझे कान टवकारले होते, खोटं कशाला बोलू? पण पलीकडे कोण होतं, ते मी विचारलं नाही.