पंचवीसवर टक

“काका, तुमचा पाना मुका आहे!”

हत्यारांच्या दुकानात शिरता शिरताच तिने हातभर लांब टॉर्क पाना काउंटरवर ठेवला. ठरवून दिलेला जोर लागला की ‘टक’ करून थांब म्हणायचं, एवढंच त्याचं काम. “पंचवीसवर लावला होता. आता होईल टक, मग होईल टक म्हणून पिळत राहिले... आणि गाडीचा स्पार्क प्लग तुटून हातात आला!”

शेजारी उभा असलेला एक सायकल दुरुस्त करणारा तरुण खुदकन हसला. नखांत ग्रीस, बाहीवर सायकलच्या साखळीचा काळा पट्टा.

“हसायला काय झालं?”

“आकडे कुठून सुरू होतात, बघितलंत?”

ती प्रयोगशाळेत काम करायची. मापं वाचण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिने दांडा डोळ्यांजवळ नेला. चाळीस ते दोनशे. शेवटच्या रेघेच्याही खाली अंदाजाने फिरवलेला तिचा तो पंचवीस... तिचे कान तापले.

“चाकाच्या नटांना हा उत्तम,” सायकलवाला म्हणाला. “प्लगला धाकटा हवा. आपला आकडा पट्टीच्या अधेमधे कुठेतरी आला पाहिजे.” त्याच्या हातात तसाच एक होता, दहा ते साठचा. दुकानातला शेवटचा.

“मला द्या तो.”

“आणि माझ्या सायकली?”

“माझी गाडी! रविवारी बाराच्या आत पाण्याच्या टाकीचा चढ चढली नाही, तर बाबा विकून टाकणार आहेत. शब्द दिलाय मी.”

तो तिच्याकडे बघत राहिला – गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. “पाना देत नाही. पण पान्यासकट येतो... चालेल?”

रविवारी दादा कप घेऊन जिन्यात ठाण मांडून बसला. “आज काय तोडणार, बाईसाहेब?”

“तुझं तोंड!”

सायकलवाला बॉनेटपाशी उभा, हात पाठीमागे बांधून.

“मदत नाही करणार?” तिने हळूच विचारलं.

“पाना माझा, हात तुमचे.”

तिने नवे प्लग आधी बोटांनी बसवले, मग पाना लावला. टक. टक. टक. चौथा... मागच्या वेळी याच जागचा तुटला होता. काहीच ऐकू येईना. तिने श्वास रोखला. शेजारी त्यानेही.

टक!

“आणखी एकदा पीळ की, पक्कं होईल!” दादा ओरडला.

“टक झालं की थांबायचं!” दोघं एकदम म्हणाले – आणि एकमेकांकडे बघून हसले.

बाराला दहा कमी असताना गाडी टाकीपाशी उभी होती, न धापा टाकता. खाली गॅलरीत बाबांनी दोन्ही हात वर केले. दादा कप विसरून टाळ्या वाजवत होता.

तिच्या शेजारच्या सीटवर सायकलवाला पान्याचा आकडा दहावर आणत होता. “काम झालं की सैल करून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते.” मग जरा अडखळत, “तुमच्याकडेच राहू दे.”

“आणि सायकली?”

“लागेल तेव्हा मागायला येईन. रोज... लागतो.”

“रोज?” ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, “खरं सांगू? दुकानात तुम्ही हसलात ना, माझं तिथेच टक झालं होतं.”

“मला नाही ऐकू आलं,” तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते.

तिने हॉर्नवर तळवा ठेवला आणि खालच्या प्रत्येक खिडकीत एकेक डोकं दिसेपर्यंत उचलला नाही.