पाठीमागे लपलेली

पहिल्यांदा जाणवलं ते सकाळी, ताईच्या डोहाळजेवणासाठी खोबरं किसताना. डाव्या कुशीवरून कुणीतरी गरम बोट फिरवत होतं. मी दचकून वळले. मागे कुणीच नाही, नुसता फ्रिज. त्याच्याकडेही मी जरा संशयानेच पाहिलं.

कपडे बदलताना आरशात दिसली ती फोडांची ओळ, पाठीच्या कण्यापासून पोटाकडे निघालेली. कुसुमआत्या म्हणाली नागीण आहे, आणि लगेच गेरू कालवून बसली. तोंड नि शेपटी भिडू नये म्हणून तिने माझ्या पोटावर उभी रेघ ओढली.

"महाकालच्या गावात राहतेस नि नागाला घाबरतेस? बस गप."

माधव नगरचे डॉक्टरही हसतच होते. लहानपणच्या कांजिण्यांचाच हा विषाणू, म्हणाले. बरं झालं तरी तो जात नाही. कण्याजवळ, मज्जातंतूंच्या पेशींत झोपून राहतो. माणूस दमला, जागरणं झाली की उठतो आणि नसेच्या वाटेने कातडीवर येतो. गोळ्या लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात कुणी गरोदर आहे का? कांजिण्या न झालेली? मग तिला तुझ्याजवळ येऊ देऊ नकोस.

गौरीताई, सातवा महिना, इंदूरहून बसने निघालेली. माझ्या कांजिण्यांच्या वेळी तिला मामाकडे धाडलं होतं, म्हणून तिला त्या कधी झाल्याच नाहीत. मी मात्र तापात कुणाशी तरी लपाछपी खेळायचे म्हणे. "ती माझ्या पाठीमागेच लपलीय," असं आईला सांगायचे. घरी अजून या किश्शावर सगळे हसतात.

रिक्षात बसून ताईला फोन लावत राहिले. रिंग जायची, उचलायचं कुणी नाही. नानाखेड्याच्या स्टँडवर बस लागली, एकेक जण उतरला. ताई नाही. कंडक्टरला विचारलं.

"वो दीदी, जो पेट से थीं? बीच रास्ते, साँवेर में उतर गईं. साथ में छोटी बच्ची थी ना, वही ज़िद कर रही थी."

ताई एकटीच निघाली होती.

कुशीवर ते बोट परत फिरलं, या वेळी हलकेच, गुदगुल्या केल्यासारखं. मी पुन्हा फोन लावला. उचलला.

"ताई...?"

आधी हसू ऐकू आलं, दाबलेलं, पुढचे दात पडलेल्या पोरीचं. मग आवाज. माझाच, फार जुना.

"ताई चहा पितेय. बरीय ती. तुझ्याजवळ नाही येऊ दिलं मी तिला. आता मी लपते हं... राज्य तुझ्यावर."