रुईचा करगोटा

रुईच्या काड्या कापायच्या त्या ऊन तापायच्या आत. दांडा कापला की पांढरा चीक दुधासारखा भळाभळा वाहतो आणि डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो. म्हणून आशालता पदर डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायची आणि मान फिरवून विळा चालवायची. काड्या दोन दिवस उन्हात टाकायच्या, दगडावर बेतानं ठेचायच्या आणि साल ओढायची. सालीच्या आतून केसांसारखे मऊ, चमकदार तंतू निघतात. ते चातीवर कातायचे.

भरे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी तिचं घर. परसात अंबाडी तिनंच लावलेली आणि बांधावर घायपात होती. हे वेड तिला लावलं भुकूमच्या नलिनीनं. नलिनी नागपूरकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी नव्या इमारतीत राहायला आलेली आणि घरातच हातमाग मांडून बसलेली. तिला दुकानातलं सूत चालायचं नाही. केळीच्या सोपटाचा धागा बघूनही ती लहान पोरीसारखी हरखायची.

एकदा ती म्हणाली, "आशाताई, रुईचा धागा काढाल का हो? फार चिवट असतो म्हणे."

"रुई हाय की परसात," आशालता म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

कारण ती रुई तिची सवत होती.

आशालताच्या नवऱ्याच्या, कोंडाजीच्या, आधीच्या दोन बायका मेल्या होत्या. पहिली विहिरीत पडली. दुसरी माळ्यावरून पडली. दोघी पडल्या असं गाव म्हणायचं आणि त्यापुढं काही म्हणायचं नाही. तिसरी बायको लाभत नाही, म्हणून कोंडाजीच्या आईनं, लीलाबाईनं, जुन्या रिवाजाप्रमाणं आधी त्याचं लग्न रुईशी लावलं. रुईला हळद लागली, काळ्या मण्यांची पोत बांधली. तिसरीचं मरण रुईनं आपल्यावर घ्यायचं आणि आशालतानं चौथी म्हणून घरात यायचं. दुसऱ्या दिवशी ती रुई उपटून ओढ्यात सोडायची असते. पण त्या दिवशी कोंडाजी वरातीच्या दारूतून उठलाच नाही. रुई राहिली ती राहिलीच. आठ वर्षांत पुरुषभर वाढली.

या आठ वर्षांत कोंडाजीनं आशालताला किती वेळा मारलं, त्याची गणती नव्हती. दुपारी जेवायला आला की निमित्त सापडायचं. पण तिच्या अंगावर कधी वळ उठला नाही. ओलं पोतं अंगावर पडावं, तेवढंच तिला जाणवायचं. आपलं कातडंच म्हशीचं, असं ती समजायची. शेजारची शुभांगी मात्र म्हणायची, "तुला बरं फुलावानी ठेवलंय भाऊजींनी." आशालता रडत नाही हे बघून कोंडाजीचं डोकं आणखी फिरायचं.

परसातली रुई सारखी मोडलेली असायची. वाऱ्यानं मोडते, नाहीतर म्हैस अंग घासते, असं आशालताला वाटायचं. धाग्यासाठी ती रोज रुईपाशी जाऊ लागली, तेव्हा तिनं नीट पाहिलं.

एका सोमवारी कोंडाजीनं तिला काठीचे चार तडाखे दिले. तो गेल्यावर ती परसात गेली. वारा नव्हता. म्हैस दावणीला होती. रुईचे चार दांडे नुकतेच मोडले होते आणि चीक अजून ठिबकत होता. तिनं बोट लावलं. चीक कोमट होता.

तिनं ते चार दांडे सुकवले आणि सोलले. काड्या हातभर होत्या. तंतू निघाले ते इतके लांब, की दोन्ही हात पसरले तरी मावेनात. चुकून दोन काड्यांचे एकत्र आले असतील, असं म्हणून तिनं पुन्हा मापलं. तिसऱ्यांदा मात्र मापलं नाही. महिनाभर ती मोडलेलेच दांडे वेचत गेली. सुताची एक लड झाली, ती तिनं नलिनीला दिली.

पुढच्या रविवारी कोंडाजीनं जेसीबी आणला. परस सपाट करून भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या.

"तेवढी रुई राहू द्या," आशालता म्हणाली.

"का गं? सवतीची माया आली व्हय तुला?" कोंडाजी जेसीबीवाल्याकडं बघून हसला.

रुई मुळासकट वर आली. जेसीबीचे दात चिकानं पांढरे झाले. ओट्यावर बसलेली लीलाबाई एवढंच म्हणाली, "काय केलंस रं कोंडाजी."

मंगळवारी दुपारी आमटीत मीठ कमी पडलं. कोंडाजीनं भिंतीची काठी काढली. आशालतानं तोंड वाचवायला उजवा हात वर धरला. काठी मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. मग हळूच बोटं हलवली. पाचही हलली.

तो आवाज कुणाचा होता, ते तिला गुरुवारी कळलं. नलिनी रिक्षातून उतरली, तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मी काहीच करत नव्हते हो आशाताई," ती म्हणाली. "ताण बघायला तुमचं सूत मनगटाला गुंडाळलं होतं. बसल्या जागी कट्कन हाड मोडलं. डॉक्टर विचारतात, कुणी मारलं?"

"किती वाजलं व्हतं?"

"मंगळवारी, दीडच्या सुमाराला. का?"

आशालतानं आपलं उजवं मनगट पदराखाली घेतलं. नलिनीनं पिशवीतून लड काढून ओट्यावर ठेवली आणि हात झटकला. "हे मला नको," म्हणाली. चहालाही थांबली नाही.

ती लड पुढ्यात घेऊन आशालता बराच वेळ बसली. रुई गेली होती. हे सूत कुणाच्या अंगावर नसेल, तर यापुढचा मार कुणी झेलायचा? विहीर तिथंच होती. माळाही तिथंच होता. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिला कोंडाजीची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं हिरड्याची साल उकळली, त्यात गंजके खिळे टाकले आणि सूत काळंभोर करून घेतलं. वाळल्यावर ती धागा वळत बसली. लीलाबाई भिंतीला टेकून बघत होती.

"काय वळतीस गं?"

"ह्यांचा करगोटा जुना झालाय, आत्याबाई. तुटायला आलाय."

म्हातारी पुढं सरकली, धागा चिमटीत धरून ओढून पाहिला आणि म्हणाली, "पाच पदरी नगं. सात पदरी वळ. दोघींच्या वक्ताला म्या नुसती बघत बसले."

सकाळी कोंडाजी आंघोळ करून उभा होता, तेव्हा आशालतानंच तो करगोटा त्याच्या कमरेला बांधला. तीन गाठी मारल्या.

"झ्याक झालाय," तो म्हणाला. "लई मऊ हाय."

त्यानंतर आठ दिवस कोंडाजीनं हात उचलला नाही. खोल्यांचा पाया निघाला होता, म्हणून तो खुशीत होता. एकदा तर पिरंगुटहून येताना तिच्यासाठी गजरा घेऊन आला. आशालतानं गजरा माळला. रात्री कूस बदलताना त्याच्या कमरेचा करगोटा तिच्या हाताला लागायचा. दर वेळी तो थोडा ऊनच असायचा.

नवव्या दिवशी दुपारी तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत बघत बसली. मग तीच त्याच्या ताटात वाढली.

कोंडाजीनं भाकरीकडं पाहिलं. मग तिच्याकडं. उठला आणि थोबाडीत दिली.

तिला हवेची झुळूक लागली. कोंडाजीनं मात्र स्वतःचा गाल दाबून धरला. ओठातून रक्त आलं. त्यानं दात चाचपला आणि काठी घेतली.

पहिला तडाखा तिच्या पाठीत बसला. कोंडाजी पुढं झुकला.

"कोण हाय मागं?"

मागं भिंत होती.

दुसऱ्या तडाख्याला त्याचा खांदा खाली आला. तिसऱ्याला तो गुडघ्यावर बसला. दारात लीलाबाई उभी होती. ती आत आली नाही.

"कोण हाय? समोर ये की!" तो ओरडला. समोर आशालता उभी होती. पदर सावरलेला, गजरा जागच्या जागी.

करगोटा सोडा, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते तिच्या जिभेवर आले.

"रडत न्हाईस व्हय?" त्यानं कोपऱ्यातली पहार ओढली. "ह्या खेपेला रडशील. त्या दोघी बी रडल्या."

तिनं ते दोन शब्द गिळले.

पहार वर गेली.

ती हलली नाही.

आवाज झाला, नारळ फोडल्यासारखा. भिंतीवर, तव्यावर, करपलेल्या भाकरीवर शिंतोडे उडाले. आशालताच्या भांगात एक थेंब पडला, तेवढाच.

दारातनं लीलाबाई म्हणाली, "पडला."

पौडहून पोलीस आले. पहार कोंडाजीच्याच मुठीत घट्ट होती. बाईच्या अंगावर ओरखडाही नव्हता. आईनं पाय घसरला म्हणून सांगितलं, तेच त्यांनी लिहून घेतलं. या घरातली माणसं पडतातच, असं गाव म्हणालं. त्यापुढं काही म्हणालं नाही.

ताटीवर ठेवण्याआधी लीलाबाईनं विळ्यानं लेकाचा करगोटा कापला आणि सुनेच्या ओटीत टाकला. तेरावं झाल्यावर आशालतानं तो धुतला, उकलला आणि मापून पाहिला. बांधला होता त्याच्या दुप्पट भरला.

पंधरा दिवसांनी दुपारची शुभांगी आली. एक डोळा सुजून मिटला होता. भाऊजी तुला फुलावानी ठेवतात, असं म्हणणारी हीच. तिनं पोलक्यातून एक दोरा काढला आणि आशालताच्या पुढ्यात ठेवला. दोऱ्याला एका जागी गाठ होती.

"तुझ्या सासूनं सांगितलं समदं. झोपला व्हता तवा मापली कंबर," ती म्हणाली.

आशालतानं दोरा काळ्या सुताला लावून पाहिला. पुरत होतं.

"बांधल्यावर थोडं दिस त्यो मारायचा न्हाई," ती चाती फिरवत म्हणाली. "गोड बोलंल. गजरा बी आणंल."

"मंग?"

आशालतानं सुताला पीळ दिला.

"मंग भाकरी करपवायची."