थोरलीचं तिकीट

तिला सगळे दुरुस्तीताई म्हणत. विमानतळावर ज्या काउंटरवर ती बसे, तिथे सामान घेत नसत की खिडकीजवळची जागा देत नसत. पासपोर्टवर एक नाव आणि तिकिटावर दुसरं, अशी गल्लत झालेली माणसं रांगेतून बाजूला काढून तिच्याकडे धाडली जात. कुणाचं आडनाव पहिल्या रकान्यात गेलेलं, कुणाच्या नावाला वडिलांचं नाव जागा न सोडता चिकटलेलं, कुणाचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं. एका गृहस्थाने तर बायकोचं तिकीट घरातल्या लाडक्या नावाने काढलं होतं. ते नाव काउंटरवर मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा दोघंही लाजून चूर झाली होती. सुरुवातीच्या वर्षांत असले किस्से ती घरी जाऊन रंगवून सांगे. आता घरी गेली की आधी पाय गरम पाण्यात सोडून बसायची, आणि नवऱ्याने काही विचारलंच तर "तेच ते," म्हणून डोळे मिटायची.

नियम सोपा होता. दोन-तीन अक्षरांचा फरक असेल तर ती चूक, बसल्या जागी सुधारायची. त्याहून जास्त असेल तर ती चूक नव्हे, तो दुसरा माणूस. आणि दुसऱ्याच्या तिकिटावर कुणालाही जाता येत नाही.

त्या सकाळी तिच्या जागी येणारी बाई आलीच नाही, म्हणून रात्रपाळी संपवून ती तशीच पुढे बसली होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. अंगावर इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, आणि पासपोर्ट दोन्ही हातांत धरलेला, जसं काही कुणी हिसकावून घेईल.

"तिकडच्या मुलीने पाठवलंय," म्हातारी म्हणाली. "काहीतरी नावाचा घोळ आहे म्हणते."

ताईने दोन्ही कागद शेजारी ठेवले. आडनाव तेच, जन्मतारीख तीच. पण पहिलं नाव पार वेगळं. एक अक्षरही जुळत नव्हतं.

"तिकीट कुणी काढलं, आजी?"

"मुलाने. तो तिकडेच असतो. सूनबाई बाळंत झालीय. नातवाला बघायला चाललेय."

"मग त्याने हे नाव कसं घातलं?" ताईने तिकिटावरचं नाव वाचून दाखवलं.

 म्हातारीने पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली आणि काउंटरच्या कडेला हात टेकला.

"परत वाच गं," ती म्हणाली.

ताईने परत वाचलं.

"हे माझ्या ताईचं नाव. थोरल्या बहिणीचं. आठ वर्षांची असताना गेली ती."

असली योगायोगाची गोष्ट ऐकायला ताईच्या अंगात त्राण नव्हतं. मुलाने हौसेने मावशीचं नाव घातलं असेल, नाहीतर यादीतलं चुकीचं नाव दाबलं गेलं असेल. तिने म्हातारीकडून नंबर घेऊन मुलाला फोन लावला.

"मी आईचंच नाव घातलंय, मॅडम," मुलगा म्हणाला. "माझ्याकडची प्रत आत्ता उघडून बघतो. हे बघा, आईचंच आहे." त्याने एकेक अक्षर वाचून दाखवलं. बरोबर होतं. मग ताईने तिकिटावरचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "हे कोण? आमच्यात या नावाचं कुणी नाही. आणि आईला तर बहीणच नाही."

फोन ठेवून ताईने वर पाहिलं. म्हातारीने मान हलवली.

"मी कधी बोललेच नाही. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. काय सांगायचं? दोघींना एकदम ताप आला, एकाच खाटेवर निजवलं होतं. मी उठले, ती नाही उठली. मग तिचं सगळं मला आलं. फ्रॉक, दप्तर, चपला. आईला कितीतरी दिवस माझं नाव आठवायचंच नाही. ती तिचंच नाव घ्यायची, आणि मी जायचे धावत."

हे ती रडत सांगत नव्हती. भाजी कितीला आणली ते सांगावं तशी सांगत होती. ताईला वाटलं, ही बाईही आपल्यासारखीच कधीची दमलेली आहे.

नियमाप्रमाणे तिला परत पाठवायला हवं होतं. पण मुलाकडची प्रत बरोबर होती, म्हणजे खोट यंत्रात होती. ताईने साहेबांना फोनवर सगळं सांगितलं, साहेबांनी कुरकुरत हो म्हटलं, आणि तिने नाव खोडून म्हातारीचं नाव घातलं. पडद्यावर ते नीट दिसलं. बोर्डिंग पास छापून बाहेर आला.

त्यावर थोरलीचं नाव होतं.

ताईने तो फाडून टोपलीत टाकला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. मग तिने खुर्ची पुढे ओढली, म्हातारीला अक्षरं सांगायला लावली, आणि एकेक अक्षर ऐकून, पडद्यावर उमटलेलं पाहून, मगच पुढचं दाबलं. म्हातारी अगदी सावकाश सांगत होती. शेवटी शेवटी तर आठवून सांगितल्यासारखी. यंत्राने कुर्र केलं. कागद अजून कोमट होता. ताईने तो उलटा ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला.

सरळ केला तर तेच नाव.

"राहू दे गं," म्हातारी म्हणाली. "तिला जायचं असेल."

"आजी, असं काही नसतं. यंत्र बिघडलंय. तुम्ही इथे खुर्चीवर बसा, मी साहेबांच्या यंत्रावर काढून आणते."

पासपोर्ट घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांच्या यंत्रातूनही थोरलीच निघाली. साहेबांनी चष्मा पुसला, यंत्राला दोन शिव्या घातल्या आणि हाताने लिहून, शिक्का मारून दिलं. तो कागद घेऊन ती जवळजवळ पळतच परत आली. म्हातारी खुर्चीवर होती तशीच बसलेली होती. पडद्यावर मात्र तिच्या नोंदीचा रंग बदलला होता.

प्रवासी विमानात बसला.

ताईने गेटवर फोन लावला.

"हो, त्या आजी ना? आत्ताच गेल्या आत," गेटवरचा माणूस म्हणाला. "पासपोर्ट, तिकीट, सगळं चोख. का हो?"

तिच्या हातात म्हातारीचा पासपोर्ट होता. कडा बोटांत रुतत होत्या.

"सामान होतं त्यांच्याजवळ?"

"काहीच नव्हतं. पायांत चपलासुद्धा नव्हत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, धाकटीला दिल्या."

"त्यांना उतरवा," ताई म्हणाली. "दुसरी बाई बसलीय. खरी प्रवासी माझ्यासमोर आहे."

पलीकडे थोडी खुसपुस झाली. मग तो म्हणाला, "ताई, दार लागलं. डोकी मोजून झाली, आकडा जुळतोय. तुम्ही रात्रीपासून बसला आहात ना? जरा पाणी प्या."

साहेबांनीही तेच सांगितलं. आकडा जुळतोय म्हटल्यावर विमान मागे कशाला फिरवायचं?

ताईने काउंटर बंद केला आणि म्हातारीशेजारी येऊन बसली. कसं सांगावं ते सुचेना. म्हणून सरळच सांगितलं.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. "कशी होती दिसायला?"

"म्हातारी होती म्हणे. तुमच्यासारखीच."

"म्हणजे मोठी झाली ती," म्हातारी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ती भीती होती की सुटका, ते ताईला कळलं नाही.

घरी न्यायला कुणी येणार नव्हतं. घराची किल्लीही तिने निघताना शेजारी देऊन टाकली होती. ताईने चहा आणला, तो निवून गेला. मुलाला फोन लागत नव्हता, तो आईला आणायला निघाला असणार. समोरून माणसं चाकांच्या बॅगा ओढत जात होती. विमान पोचायची वेळ झाली, टळली. ताई आपली पाळी संपवून कधीच घरी जाऊ शकली असती. ती उठली नाही.

दुपार कलल्यावर मुलाचा फोन आला.

"मॅडम, आभार मानायला फोन केला. आई पोचली बरं का. खूप दमलीय, पण बाळाला जे घेतलंय ते खाली ठेवायलाच तयार नाही."

"अहो," ताई म्हणाली, "तुमची आई इथे आहे. माझ्याशेजारी."

तो काही बोलायच्या आत म्हातारीने फोन घेतला.

"बाळा, मी बोलतेय."

"कोण?"

"मी रे. आई."

 ताईने कान जवळ नेला. मागे कुठेतरी कुणीतरी हलक्या आवाजात गुणगुणत होतं. मग मुलगा बोलला. परक्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं, समजुतीने.

"मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. रडू नका. आई झोपलीय आत्ता, बाळाला कुशीत घेऊन. ती उठली की मी सांगेन. कुणाचा फोन होता म्हणून सांगू?"

म्हातारीने तोंड उघडलं. ओठ हलले, पण नाव आलं नाही. तिने ताईकडे पाहिलं. ते नाव ताईने सकाळपासून कितीदा लिहिलं होतं, आणि आता तिलाही ते आठवेना.

"धाकटीचा म्हणून सांग," म्हातारी शेवटी म्हणाली.

पलीकडचं गुणगुणणं थांबलं.

"अरे वा," मुलगा हळूच कुजबुजला. "आई झोपेत हसतेय."