पेव कुणी उघडलं?

"मदन, मागं सर! घसरलास तर कामातनं जाशील," गुणमाला ओरडली.

हरिपुरात गड्यांनी पेवाच्या तोंडावरची माती नुकतीच ओढली होती आणि तिचा आतेभाऊ मदन आत डोकावत होता. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यात तिच्या वडिलांची, रामगोंडा आण्णांची, हळद वर्षभर बंद होती. आज ती ट्रकनं मुंबईला आणि तिथून बोटीनं परदेशी जायची होती.

सकाळीच मदननं विचारलं होतं, "मामा, सांगलीत गिऱ्हाइकं कमी हायत व्हय?"

"चार व्यापारी आधीच आपसांत ठरवत्यात, मग बोली लावत्यात. ते देतील तो भाव घ्यायचा. बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं तर ताठ मानेनं धंदा करता यील. पण पहिलाच माल हाय. दमट निघाला तर पुन्हा कुणी दारात उभं करणार न्हाई."

आता आण्णा ट्रकवाल्याशी बोलत होते आणि लालासाहेब मुकादम घाई करत होते. "उतरा रं खाली! गाडी खोळंबलीय."

बंद पेवातली हवा माणसाचा जीव घेते, हे हरिपूरचं शेंबडं पोरही जाणतं. पेव उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं आणि मग आत कंदील सोडून बघायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. मुकादम तर दरवर्षी यावरून गड्यांवर खेकसायचे. आज त्यांना कंदील आठवतही नाही?

"मदन, कंदील आण. पळ!"

"ए पोरी, मोठ्यांच्या कामात लुडबुड नको," मुकादम गुरगुरले.

पण मदन कंदील पेटवून आलाही. दोघांनी तो दोरीनं खाली सोडला. आता विझेल, मग विझेल... कंदील हळदीवर टेकला, तरी खुशाल जळत राहिला.

"बघ, झालं का समाधान?" मुकादम हसले.

गुणमाला मात्र त्या जळत्या कंदिलाकडं बघतच राहिली. बोलावं, तर मुकादम वडिलांच्या वयाचे. गप्प बसावं, तर माल गाडीत चढणार. तिनं आण्णांचा हात धरून त्यांना पेवाशी आणलं.

"आण्णा, वर्षभर बंद पेवात कंदील विझाय पायजे. ह्यात चांगली हवा कुठनं आली? कुणीतरी हे पेव नुकतंच उघडलंय. मुकादमकाकांना ते ठावं हाय, म्हणून तर ते बिनघोर गडी उतरवत्यात."

मुकादम दोन पावलं मागं सरले.

"आवं आण्णा... मेव्हण्याला जागा न्हवती. त्याची थोडी हळद परवा रातीला तुमच्या मालावर टाकली. जरा वली हाय, पर एवढ्यानं काय बिघडतंय म्हणलं."

"एवढ्यानंच माझं नाव बुडालं असतं, लालासाहेब." आण्णांनी गड्यांना वरची हळद काढायला लावली.

वरचा ओला थर उपसता उपसता दिवस कलला. गुणमाला आणि मदननं प्रत्येक पोत्यातली हळकुंडं मोडून पाहिली. ज्यांतली खट्कन मोडली नाहीत, ती दमट पोती बाजूला गेली.

"कमी जाऊ दे, पण चोख जाऊ दे," आण्णा म्हणाले.

"पोरगी लय तयार हाय तुमची," ट्रकवाला म्हणाला.

आण्णांनी ट्रकचं दार उघडलं. "सुट्टीच हाय न्हवं? चला दोघंबी मुंबईला. बोटीवर माल चढंपर्यंत तपासणारं माणूस पायजे मला."

गुणमाला आईला सांगायला घराकडं धावत सुटली. मदन मात्र केव्हाच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला होता.